दुर्वांचा रोवणा

शहापूरच्या बायांनी त्या वर्षी दोन रोवणे केले. एक धानाचा, भाताची रोपं लावायचा, तो दरसालचा. आणि तो आटोपून कंबर सरळ होते न होते तोच दुसरा, दुर्वांचा.

दुर्वांचा रोवणा कोणी ऐकला नव्हता. दुर्वा ही काय लावायची गोष्ट आहे? ती तलावाच्या पाळीवर, बांधीच्या, म्हणजे भातखाचराच्या, धुऱ्यावर आपल्या मनानं येते. गुरं खातात, बाया गणपतीला वाहतात, उरते ती पुन्हा पसरते. पण शेवंताबाईची कामिनी एका संध्याकाळी घरी आली, हातपाय धुतले आणि चुलीजवळ बसून म्हणाली, "माय, मले तुह्या बाया पाहिजे. बत्तीसच्या बत्तीस. सात दिवस."

"कायले?"

"दुर्वा लावाले. फुटबॉलच्या मैदानावर."

शेवंताबाईनं भाकरी उलटवली. गावात रोवण्याच्या बायांची टोळी तिच्या शब्दावर चालत असे. कोणाच्या बांधीत कधी उतरायचं, कोणी कोणाच्या बाजूला वाकायचं, सगळं ती ठरवी, तेही आवाज न चढवता. तिनं लावलेला धान उलथून पडला असं कोणी म्हटलेलं नव्हतं.

मैदान होतं रानगवा फुटबॉल क्लबचं. हा क्लब मूळचा नागपूरचा. पगारी खेळाडूंचा, देशातल्या लीगमध्ये खेळणारा संघ. निळ्या सदऱ्यावर रानगव्याचं शिंगाळं डोकं. नागपुरात ज्या मैदानावर ते अकरा वर्षं खेळले त्याचा करार संपला, आणि जागेच्या मालकाला तिथे दुसरं काही उभारायचं होतं. मग क्लब नवं घर शोधू लागला. भंडारा शहराचं नाव निघालं आणि महामार्गाला लागून शहापूरच्या शिवारात जागाही मिळाली. गावात ही बातमी आली तेव्हा शेवंताबाईचे यजमान यादोराव चहाच्या टपरीवर म्हणाले होते, "रानगवा तं नागझिऱ्याच्या जंगलातला. नागपुरात काय करून राहिला होता एवढे दिवस? घरी येऊन राहिला, बस."

पण यायचं तर एक अट होती. लीगची माणसं येऊन मैदान तपासणार होती, गणपतीच्या दिवसांत. मैदान पास झालं तर क्लबचं घर भंडारा. नाही झालं तर रायपूर. तिथे एक तयार मैदान वाट पाहत होतं.

शेवंताबाईला फुटबॉलचं काही नव्हतं. तिचा जीव त्या अटीत अडकला होता तो कामिनीपायी. पोरगी शेतकी शिकली, मग गवताचंच पुढचं शिकली, आणि सहा वर्षं पुणं, गोवा, नागपूर अशी लोकांची मैदानं हिरवी करत फिरली. सणाला यायची, दोन दिवस राहायची, पिशवी उचलून जायची. आता ती क्लबची मैदान-प्रमुख होती. क्लब इथे आला तर ती घरी राहणार, सकाळी घरचा डबा घेऊन कामावर जाणार. क्लब रायपूरला गेला तर तीही तिकडेच. शेवंताबाईनं हे कोणापुढे बोलून दाखवलं नाही. रोज पहाटे न्हाऊन तुळशीला पाणी घालताना मात्र तिच्या ओठांवर एवढंच असे, मैदान होऊ दे बाप्पा.

म्हणून ती म्हणाली, "सात दिवस कायले, सहा दिवसांत होते."

ट्रक भरून दुर्वांच्या काड्या आल्या. बाया ओळीनं उभ्या राहिल्या, पदर खोचले आणि पाय ठेवताच थबकल्या. जमीन रेताड होती, कोरडी, सपाट.

"चिखल कोठी हाय वो?" धुरपतानं विचारलं. धुरपता म्हणजे टोळीतली सगळ्यात मोठ्या तोंडाची बाई, आणि शेवंताबाईची लहानपणची सोबतीण. "चिखलाशिवाय रोवणा म्हणजे नवऱ्याशिवाय लगन!"

"चिखल नाई पाहिजे काकू," कामिनी म्हणाली. "रेतीतच लावायचं. दोन बोटं खोल, एक वीत अंतर."

"शिकलेली पोरगी हाय, तिचं ऐका," शेवंताबाई म्हणाली आणि पहिली वाकली. वाकली खरी, पण काडी हातात घेऊन थांबली. कामिनीनं पाहिलं.

"काय झालं माय?"

"यावर बूट घालून नाचणार ना थे पोरं?"

"हो."

"देवाची वस्तू हाय वं."

मग शेवंताबाईच म्हणाली, "पाळीवर तं म्हशी लोळतात हिच्यावर. तरी देव मागते. जाऊ दे, तिले चालते तं मले काय." आणि काडी रेतीत खोचली. दुपारपर्यंत बत्तीस वाकलेल्या पाठी मैदानाच्या मध्यापर्यंत सरकल्या होत्या. महामार्गावरचे ट्रकवाले वेग कमी करून पाहत होते, की हा कोणता धान रस्त्याकडेला कोरड्यात लावून राहिले.

सहाव्या दिवशी सूर्य मावळायच्या आत शेवटची काडी लागली. आठवड्याभरात काड्यांनी डोळे उघडले. पंधरवड्यानंतर लांबून पाहिलं तर मैदानावर कोणी हिरवा हात फिरवल्यासारखं दिसू लागलं.

मग श्रावण लागला.

श्रावणातल्या सोमवारी शेवंताबाईचं मौन असे. पहाटे देवापुढे हात जोडले की संध्याकाळी दिवा लावीपर्यंत ती तोंडातून शब्द काढत नसे. सासूकडून आलेलं व्रत, एकतीस वर्षं चाललेलं. घरात सगळ्यांना सवय होती. यादोराव म्हणायचे, "आमच्या घरी वर्षातून चार दिवस शांतता राहते," आणि ती नुसती हसायची.

त्या पहिल्या सोमवारी सकाळपासून पाऊस धो धो लागला. कामिनी दोन दिवसांसाठी नागपूरला, क्लबच्या कचेरीत गेली होती. पावसानं दम खाल्ला तशी शेवंताबाई डोक्यावर मोऱ्या, म्हणजे इरलं, घेऊन मैदानाकडे निघाली. रोवल्यानंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात बांधी पाहायला जाणं हे तिच्या अंगातच होतं. मैदान पाहून तिचं समाधान झालं. काड्या उखडल्या नव्हत्या. ती फिरत फिरत खालच्या, उगवतीच्या बाजूला गेली आणि काठाशी वाकून पाहू लागली.

मैदानाच्या काठाखाली नाला होता. त्या काठातून सहा नळ्यांची तोंडं बाहेर आली होती आणि सहाही तोंडांतून पाणी भसाभसा नाल्यात पडत होतं. एवढं सोन्यासारखं पाणी! मैदानातलं सगळं पाणी वाहून जात होतं आणि कोणाचं लक्ष नव्हतं.

धान करणाऱ्या बाईला दुसरं काही दिसत नाही. बांधीचं तोंड फुटलं आणि पाणी चाललं, तर रात्री-बेरात्री उठून, पायानं, हातानं, असेल त्यानं ते बांधायचं. पुढचे पंधरा दिवस पाऊस दडी मारतो की काय कोणाला ठाऊक? या नळ्या कैलाशनं टाकल्या होत्या, गावातल्याच नळकाम करणाऱ्या पोरानं. मैदानाला पाणी द्यायला असतील, आणि खालची तोंडं बंद करायची तो विसरला असेल, असं तिला वाटलं. विचारायला कोणी नव्हतं. चौकीदार आडोशाला बिडी ओढत असेल, त्याला हाक मारावी तर मौन. कामिनीला फोन करावा तर मौन.

मग तिनं बोलायचं काम हातांना सांगितलं. घरी जाऊन खताची रिकामी बोरी आणली, फाडून तुकडे केले, त्यात नाल्याकाठची चिकणमाती भरली आणि एकेक तोंडात खोलवर दाबली. वरून गवताचे गड्डे ठोकले. सहाव्या तोंडापर्यंत तिचे हात कोपरापर्यंत मातीनं भरले होते. पाणी थांबलं. तिनं नाल्यात हात धुतले, आकाशाकडे पाहून नमस्कार केला आणि घरी आली.

संध्याकाळी दिवा लागला, मौन सुटलं. कामिनीचा फोन आला. "पाऊस किती झाला माय?"

"मस्त झाला. मैदानात पाणी हाय."

नळ्यांचं सांगायचं तिच्या ध्यानातही आलं नाही. उघडं राहिलेलं फाटक लावलं हे कोणी फोनवर सांगतं का?

पाऊस मग चार दिवस थांबलाच नाही. नाला फुगून काठापर्यंत आला, नळ्यांची तोंडं पाण्याखाली गेली. कामिनी परतली तेव्हा मैदानाचा खालचा भाग भरलेल्या बांधीसारखा चमकत होता आणि त्यात बगळे उभे होते.

शेवंताबाईला ते पाहून बरंच वाटलं होतं. पोरीचं तोंड का उतरलं ते तिला कळेना. कामिनी भंडाऱ्याच्या कचेरीतून उशिरा यायची, दोन घास खायची, कागद पसरून बसायची. रविवारी कैलाशला घरी बोलावून म्हणाली, "नळ्या काम करून नाई राहिल्या रे. उतार चुकला का तुहा?"

"ताई, देवाशप्पथ, फूटपट्टी लावून टाकल्या," कैलाश म्हणाला. त्याचा चहा तसाच गार झाला. "नाल्याचं पाणी उतरू दे, तोंडं पाहतो मी."

शेवंताबाई आतून ऐकत होती. नळ्या काम करत नाहीत म्हणजे पाणी आणत नाहीत, असंच ती समजली. आता एवढं पाणी असताना आणखी कायले पाहिजे, असं मनात म्हणून ती कणिक मळत राहिली.

दुसऱ्या दिवशी श्रावणाचा दुसरा सोमवार. पावसानं उघडीप दिली होती. नागपूरहून भूपेंद्रसर आले, क्लबचे व्यवस्थापक. पांढरे बूट, हातात छत्री, आणि बोलण्यात मराठी-हिंदीची खिचडी. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्यावर वरून दाब होता. कामिनीनं कैलाशला आणि आईलाही बोलावून घेतलं होतं. कुठल्या ओळी गेल्या, कुठल्या वाचतील ते शेवंताबाईच्या डोळ्यांना तिच्याहून जास्त कळे. शेवंताबाई आली, हात जोडले, गप्प उभी राहिली.

भूपेंद्रसर पाण्याच्या कडेला उभे राहिले. पाण्याखालच्या दुर्वा पिवळ्या पडून आडव्या झाल्या होत्या, आणि सडक्या पेंढ्याचा वास येत होता.

"कामिनी, हे काय आहे? फुटबॉल खेळायचा आहे की शिंगाडे लावायचे आहेत?"

"सर, खालून पाणी निघून नाही राहिलं."

"निघायला तर पाहिजे ना! अरे, पूरा मैदान त्यासाठी तर बनवला." त्यांनी छत्रीच्या टोकानं जमिनीवर रेघा ओढल्या. "वर गवत, खाली रेती, रेतीखाली या नळ्या. पाऊस पडला, पाणी रेतीतून खाली, नळीतून नाल्यात. आधा घंटा. आध्या घंट्यात मैदान कोरडं व्हायला पाहिजे. फुटबॉलच्या मैदानात पाणी थांबलं की मैदान मेलं."

शेवंताबाईनं त्या रेघांकडे पाहिलं. मग नाल्याकडे. नळ्या पाणी आणायला नव्हत्याच. पाणी घालवायला होत्या. साऱ्या जन्मात पाणी घालवण्यासाठी कोणी खर्च केलेला तिनं पाहिला नव्हता.

"मी संध्याकाळी वरच्या लोकांना सांगतो," भूपेंद्रसर म्हणत होते. "तेवीस दिवस राहिले. होणार नाही हे. रायपूरवाले रोज फोन करतात. और तू," ते कैलाशकडे वळले, "तुला काम देऊन चूक झाली. गावचा आहे म्हणून दिलं."

कैलाशचं लग्न ठरलं होतं, आणि भंडाऱ्यातलं हे त्याचं पहिलं मोठं काम होतं. तो आपल्या चपलांकडे पाहत उभा राहिला.

शेवंताबाई चालू लागली. "माय?" कामिनीनं हाक मारली, पण ती थांबली नाही. काठ उतरून ती नाल्यात शिरली. पाणी आता गुडघ्याएवढंच होतं. पहिलं तोंड तिनं हातानंच शोधलं. खांद्यापर्यंत हात आत घातला, बोरीचा तुकडा बोटांत आला, तिनं पाय रोवून ओढला. बोरी सुटली आणि मागोमाग काळंभोर पाणी असं उसळून आलं की ती मागच्या मागे नाल्यात बसली. उठली, दुसऱ्या तोंडाशी गेली.

तिसरं तोंड सुटेपर्यंत तिघंही काठावर धावत आले होते. सहाही तोंडं वाहू लागली. पाण्याचा नुसता गजर झाला, आणि मैदानातले बगळे उडाले.

"वा मावशी! वा!" भूपेंद्रसरांनी छत्री काखेत मारून टाळ्या वाजवल्या. "चार दिवस इंजिनिअर लोक नकाशे पाहून राहिले, आणि मावशीने दोन मिनटात पकडलं! कामिनी, तुझ्याहून हुशार निघाली तुझी आई." मग त्यांची नजर नाल्यात तरंगणाऱ्या बोरीवर गेली आणि चेहरा बदलला. "हे पाहा कैलाश. हे पाहा तुझं काम. कचरा तसाच आत सोडून दिला. बोरी, माती, गवत. शरम नाही वाटत?"

कैलाशनं बोरीकडे पाहिलं. त्याला ती ओळखू येईना. पण पोरगा असा, की आपल्या हातून झालंच नाही असं छातीठोक म्हणणं त्याला जमलं नाही. तो हळूच म्हणाला, "राहिलं असंल सर. घाईत होतो शेवटच्या दिवशी."

शेवंताबाई काठ चढत होती. तिच्या लुगड्यातून पाणी निथळत होतं. वर येऊन ती उभी राहिली तेव्हा भूपेंद्रसर अजून तिचं कौतुक करत होते, आणि कामिनीच्या चेहऱ्यावर, चार दिवसांत पहिल्यांदा, हसू होतं. गप्प राहणं सोपं होतं. तिचं तर मौनच होतं. संध्याकाळपर्यंत तिनं तोंड उघडावं असं देवालाही वाटत नसणार. आणि संध्याकाळपर्यंत कैलाश आपली हत्यारं आवरून घरी गेलेला असता.

"भाऊ," ती म्हणाली.

सकाळपासून न वापरलेला आवाज होता, खरखरीत निघाला. कामिनीनं दचकून तिच्याकडे पाहिलं. भर दुपारी, श्रावणी सोमवारी, आईचा आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता.

"माय, तुहं मौन..."

"भाऊ, थे बोरी माह्या घरची हाय. त्या पोराले काई बोलू नका. नळ्या मीनं बुजवल्या. मागच्या सोमवारी."

खाली पाणी धडधडत होतं.

"तुम्ही?" भूपेंद्रसर म्हणाले. "पण काहून वो मावशी?"

शेवंताबाईनं जे होतं तेच सांगितलं. "पाणी जाऊन राहिलं होतं ना."

भूपेंद्रसर तिथल्या एका दगडावर बसले. टोपी काढली, पुन्हा घातली. त्यांना रागवायचं होतं हे दिसत होतं, पण कोणावर रागवावं हे सापडत नव्हतं. शेवटी ते कैलाशला म्हणाले, "बस बेटा, तू पण बस. उभा का आहेस?" कैलाश बसला नाही. तो शेवंताबाईकडे पाहत होता.

पाणी उतरलं तेव्हा कळलं की मैदानाचा चौथा हिस्सा गेला होता. खालचा अख्खा कोपरा कुजला होता. वरच्या लोकांना फोन त्या संध्याकाळी झाला नाही. भूपेंद्रसर म्हणाले, दोन दिवस पाहू. पण दुर्वांचा ट्रक पाठवणाऱ्यांकडे त्या जातीच्या दुर्वा उरल्या नव्हत्या, महिनाभर मिळणारही नव्हत्या.

कामिनी घरी आईशी बोलेना. रागानं नव्हे, असं ती यादोरावांना म्हणाली. काही सुचत नाही म्हणून. जेवायची, ताट धुवायची, निघून जायची. यादोराव म्हणाले, "आतापर्यंत एकच मौन होतं घरात. आता दोन झाले. मी बैलांशी बोलतो बाप्पा." शेवंताबाई हसली नाही. पहाटे तुळशीपाशी ती नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली, पण आता ओठांवर काही मागणं नव्हतं.

बुधवारी सकाळी ती धुरपताच्या दारात गेली.

"नांगे भरायचे हाय," ती म्हणाली. रोवण्यात जिथे रोप मरतं, तिथे दुसरं लावून रिकामी जागा भरायची, त्याला नांगे भरणं म्हणतात. "पाळीवरच्या दुर्वानं भरू."

"पाळीवरच्या? थ्या म्हशीच्या खालच्या?"

"थ्याच. दरवर्षी दोन महिने पाण्यात राहते, तरी जगते. नाजूक नाई ती."

"पोरीनं सांगितलं का?"

"पोरगी बोलून नाई राहिली."

धुरपतानं तोंडातली मिश्री थुंकली. "तू बोरी कोंबली तवा मले बोलावलं असतं तं दोघींनी मिळून चांगली पक्की कोंबली असती. चल."

बाया पाळीवर बसल्या आणि खुरप्यांनी दुर्वा उकरू लागल्या. कामिनीला कोणीतरी सांगितलं. ती तरातरा आली, पाळीखाली उभी राहिली. सगळ्यांची खुरपी थांबली. तिनं एक जुडी उचलली, मुळं पाहिली, पानं बोटांत चोळली, दातांनी एक काडी तोडून पाहिली.

"पान रुंद हाय हिचं," ती म्हणाली. "रंगही गडद हाय. जुळणार नाई."

"जगंल पण," शेवंताबाई म्हणाली.

कामिनीनं खाली बसून आईच्या हातातलं खुरपं घेतलं. "मुळं अशी तोडू नको. असं, बाजूनं."

"बरं."

"अन् नळ्यांच्या जवळ कोणी जायचं नाई. कोणीच."

"सोमवारी तं मावशीले मैदानावरच येऊ देऊ नका," पाळीवरून कोणी म्हणालं, आणि बाया इतक्या हसल्या की तलावातल्या म्हशींनी माना वर केल्या. कामिनीही हसली. बऱ्याच वेळानं, खालच्या मानेनं, तिनं विचारलं, "तुहं व्रत मोडलं ना माय?"

"मोडलं."

"मंग आता?"

"दुसऱ्या दिवशी पहाटे देवाले सांगितलं. थो काई बोलला नाई. त्याचं तं रोजचंच मौन अस्ते." तिनं जुडीची माती झटकली. "मले वाटते त्याले कळलं."

तीन दिवसांत कोपरा भरला. तेवीसातले एकोणीस उरले होते. पाऊस आला की कामिनी घड्याळ घेऊन उभी राही आणि कैलाश नाल्यात उतरून सहाही तोंडं पाही. शेवंताबाई लांब उभी राहून पाणी जाताना बघायची. सवय होत नव्हती. प्रत्येक वेळी हात आपोआप मुठीत वळायचे.

पोळा झाला. गणपती बसले, तेव्हा नवीच पंचाईत उभी राहिली. अख्ख्या तालुक्यात एवढ्या कोवळ्या दुर्वा कुठे नव्हत्या. सकाळी सहाला गावातल्या बाया तबक घेऊन मैदानाच्या फाटकाशी उभ्या. कामिनीनं फाटक लावून घेतलं. "एक काडी उपटली तं मी पोलीस बोलावीन!"

"देवाच्या कामाले पोलीस?" धुरपता ओरडली. "तुही मायच तं लावून गेली, आता तूच नाई म्हणते!"

शेवटी शेवंताबाईनं सगळ्यांना पाळीवर नेलं.

तपासणीला मुंबईहून एक बाई आल्या. चाळिशीच्या, उन्हानं रापलेल्या, कमी बोलणाऱ्या. बरोबर दोन माणसं आणि एक पेटी. त्यांनी अख्खं मैदान पायी फिरून पाहिलं, जागोजागी खिळ्यासारखं काही खोचून पाहिलं, चेंडू वरून टाकून तो किती उसळतो ते मोजलं. मग टँकर बोलावून खालच्या कोपऱ्यावर पाणी सोडायला लावलं आणि घड्याळ सुरू केलं. भूपेंद्रसर नखं खात होते. कैलाश नाल्याच्या काठावर उकिडवा बसला होता. बाया कुंपणाबाहेर रांगेनं उभ्या होत्या, आणि शेवंताबाई त्यांच्यात.

पाणी कोपऱ्यावर पसरलं, थोडं थांबलं, आणि रेतीत शिरू लागलं. कैलाशनं खालून हात वर केला. सहाही तोंडं वाहत होती. शेवंताबाईनं हात मागे बांधून घेतले. एकोणीस मिनिटांनी त्या बाईंनी घड्याळ बंद केलं, बूट काढले आणि अनवाणी त्या जागेवरून चालल्या. तळवा उलटा करून पाहिला. कोरडा होता.

मग त्या थांबल्या. तिथून मैदान दोन रंगांचं दिसत होतं. सगळीकडे पोपटी, आणि या कोपऱ्यात वाकड्यातिकड्या कडेचा गडद हिरवा तुकडा, अर्ध्या एकराचा.

"हे दुसरं गवत आहे," त्या म्हणाल्या.

"हो. अहवालात लिहिलं आहे," कामिनीनं कागद पुढे केला. त्यात तारीख होती, काय झालं ते होतं, आणि कोणाच्या हातून झालं तेही. तिनं आईला विचारूनच लिहिलं होतं.

बाईंनी वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं. "शेवंताबाई कोण?"

कुंपणापाशी धुरपतानं शेवंताबाईला पुढे ढकललं. बाईंनी तिला वर-खाली पाहिलं. "हे तुम्ही निवडलं? कुठून आणलं?"

"तलावाच्या पाळीवरून."

"पाण्याखाली राहिलं तर किती दिवस टिकतं?"

"दोन महिने राहिलेलं मीनं पाहिलं हाय. त्याच्या पुढचं मले नाई माहीत."

बाईंनी कागदावर काही लिहिलं. रंगाबद्दल नियम काही म्हणत नव्हता. नियमाला हवी होती घट्ट मुळं, सारखी उंची आणि निघून जाणारं पाणी. त्यांनी सही केली आणि कागद भूपेंद्रसरांकडे दिला. भूपेंद्रसरांनी तो दोनदा वाचला, कामिनीला दिला आणि बाजूला जाऊन नागपूरला फोन लावला. फोनवर ते एवढंच म्हणाले, "सामान भरा. भंडारा."

कैलाश नाल्यातून वर आला. तो शेवंताबाईजवळ आला, वाकून पाया पडला. "अरे, राहू दे, चिखलाचे हात," ती म्हणाली, पण तोवर त्याचं झालं होतं.

दुपारी गाड्या गेल्या. मैदानावर मायलेकीच उरल्या. कामिनी प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या सगळ्यात वरच्या कट्ट्यावर चढली, जिथे दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत पहिला सामना होईल तेव्हा कॅमेरे लागणार होते. तिनं आईला हात देऊन वर घेतलं.

"पाह्य माय. इथून तो तुकडा किती उठून दिसते. टीव्हीवर सगळ्या देशाले दिसंल."

शेवंताबाईनं पाहिलं. खरंच दिसत होतं. रेष कुठे सरळ नव्हती. जिथपर्यंत पाणी साचलं होतं तिथपर्यंत गडद, जसं साचलं होतं तसं.

"दिसू दे," ती म्हणाली. "माहीच चूक हाय, माह्याच हातची लावण हाय."

"पुढच्या वर्षी बदलता येईल. ट्रकचं गवत येईन तवा."

"तुले बदलायचं हाय का?"

कामिनीनं गुडघ्यांवर कोपरं टेकवली आणि विचार केला. खाली चौकीदार पाण्याचा पाइप गुंडाळत होता. "नाई," ती म्हणाली. मग उठून पिशवी खांद्याला लावली. "चल घरी. उद्या सकाळी सातला यायचं हाय मले. डब्याले काय देशीन?"